फुटीमधली (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधली) तरुण पोरं फॉर्मात आहेत का, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

मेलबर्नला येऊन दोन वर्षं झाली, क्रिकेटवाला माणूस मी, आता फुटी बघायला लागलोय पण तरुण प्लेयरचा फॉर्म कसा जोखायचा तेच कळत नाही, ऑफिसातले लोक नुसते डिस्पोजल मोजतात म्हणजे किक अधिक हँडबॉल, पण मोकळ्यावर मिळालेला बॉल आणि गर्दीत घुसून काढलेला बॉल सारखाच कसा? २०२३ च्या ड्राफ्टचा (क्लब नवी पोरं क्रमाने निवडतात तो) एक नंबर हार्ली रीड, त्याच्यावर पहिल्या दिवसापासून चर्चा, आणि २०२४ चा रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण प्लेयरचा पुरस्कार) मिळाला जिलाँग क्लबच्या ऑली डेम्प्सीला, जो रूकी ड्राफ्टमधून, म्हणजे मुख्य ड्राफ्टनंतरच्या निवडीतून आलेला! मग ड्राफ्ट नंबरला कितपत धरायचं? आणि उंच पोरांना, रकमन (वर उडवलेल्या बॉलसाठी उडी मारणारे) वगैरे, किती सीझन द्यायचे? जाणकारांनी सांगा ना, टॅकल बघू की काँटेस्टेड पझेशन, म्हणजे झगडून मिळवलेला बॉल?