मंदीच्या वर्षात नगर परिषदेची काटकसर सफाई मजुरांपासूनच का सुरू होते?

प्रश्न : शिक्षिका, लातूर जिल्हा

आमच्या तालुक्याच्या गावी नगर परिषदेच्या सफाई ठेक्यातील मजूर गेल्या महिन्यापासून कमी करण्यात आले. आमच्या गल्लीत अकरा वर्षे झाडलोट करणाऱ्या मावशी पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे हजेरीला गेल्या, तेव्हा पटावर नाव नसल्याचे मुकादमाने त्यांना सांगितले. खराटा त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून घेतलेला होता. तो घेऊन त्या परत आल्या आणि उजाडेपर्यंत आमच्या ओट्यावर बसून राहिल्या. त्यांचा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, त्यालाही दिवाळीनंतर ब्रेक मिळाला, म्हणजे एका घरातील दोन्ही पगार एकाच हंगामात थांबले. कार्यालयात विचारले असता वसुली नाही, त्यामुळे पैसा नाही, एवढेच उत्तर मिळाले. मात्र त्याच आठवड्यात बसस्थानकामागे पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम सुरू झाले. पैसा नसेल तर हे काम कसे निघाले, आणि असेल तर मजूर का कमी केले, हे कोणी जाणकाराने समजावून सांगावे.

उत्तर : निवृत्त लेखापाल, परभणी

ताई, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नगर परिषदेचा पैसा एका गल्ल्यात नसतो. ज्या कामासाठी निधी आला त्याच कामावर तो खर्च करावा लागतो. पेव्हर ब्लॉकचे काम बहुधा शासनाच्या एखाद्या विशेष अनुदानातून मंजूर झालेले असेल आणि त्या रकमेतून मजुरी देता येत नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांना बांधून दिली. उरलेली 40 टक्के अबंधित असली तरी वेतन आणि आस्थापनेवर ती खर्च करण्यास मनाई आहे. कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराला राज्याच्या सहायक अनुदानाचा आधार असतो, पण त्यासाठी पद मंजूर आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मान्य केलेल्या पदांच्या यादीत असावे लागते. ठेक्यावरच्या बाईला आकृतिबंधात जागाच नाही. म्हणून घरपट्टी-पाणीपट्टी आटली की पहिली कात्री तिच्यावर चालते, आणि त्यासाठी ना कोणाची मंजुरी लागते ना सभेत चर्चा होते.

पूर्वी जकात होती तोपर्यंत नाक्यावरून रोजची रोकड यायची. 1999 मध्ये नगर परिषदांची जकात गेली आणि तेव्हापासून महिन्याचा खर्च भागवायला मुंबईकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. मी स्वतः मार्चअखेरीस अनुदानाच्या आदेशाची वाट पाहत रात्री अकरापर्यंत कार्यालयात बसलेलो आहे.

तरीही तुमच्या ठिकाणी मी असतो तर एकच गोष्ट आधी तपासली असती. मजूर कमी झाल्यावर ठेकेदाराचे मासिक देयक कमी झाले का? ठेका मजूरसंख्येवर नसून कचऱ्याच्या टनावर किंवा ठोक रकमेवर दिलेला असेल, तर माणसे घटवून वाचलेला पैसा नगर परिषदेच्या तिजोरीत येतच नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ठेक्याचा करारनामा, कपातीच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची देयके आणि हजेरी पट यांच्या प्रती मागा. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

उत्तर : किराणा व्यापारी, लातूर जिल्हा

वसुली नाही हे मात्र खोटे नाही. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साठी 4,892 रुपये होता, पण आडतीवर त्याहून पुष्कळ कमी भावाने माल गेला, आणि सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने तर उभे पीकच पाण्यात घातले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही तर माझ्या दुकानाची उधारी वसूल होत नाही, आणि उधारी अडकली की माझी घरपट्टी थकते. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो, त्यामुळे ज्याला मुद्दलच जड झाले आहे तो पुढच्या वर्षी अजिबात फिरकत नाही. माझ्याकडची थकबाकी मी हप्त्याने भरायला तयार आहे, मात्र तशी मुभा मागायला गेलो तेव्हा अर्जसुद्धा घेतला गेला नाही.

उत्तर : कामगार कार्यकर्ता, नांदेड

4 मे 2020 च्या शासन निर्णयाने नवी भरती थांबली तेव्हाही हेच घडले होते: पदे रिकामी राहिली आणि काम ठेक्यावर गेले. मंदीत सरकारने हात आखडता घेणे हाच एक मार्ग आहे असे मला पटत नाही, कारण याच मराठवाड्यात 1972 च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडून घर जगवले. पुढे अशा कामांच्या खर्चासाठी राज्याने 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला व 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. हात रिकामे असतील त्याच वर्षी काम वाढवायचे, हा विचार आपल्याच मातीतला आहे.

मावशींसाठी लगेच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढणे, म्हणजे ठेकेदाराने त्यांच्या नावे पैसे भरले की नाही ते कळेल. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगर परिषदेवर येते. तेव्हा शेवटच्या महिन्याची मजुरी बाकी असेल तर ठेकेदाराच्या दारात चकरा न मारता मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, माहिती अधिकाराचा अर्ज काल दिला आणि त्यात शास्ती व हप्त्यांबाबतचा प्रश्नही घातला आहे. मावशींचा मोबाईल क्रमांक बदललेला असल्यामुळे पासबुक निघायला वेळ लागला. अकरा वर्षांच्या कामापैकी त्यात नोंदी चारच वर्षांच्या आहेत, आणि या चार वर्षांत मालक म्हणून तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची नावे आहेत. उरलेल्या सात वर्षांचे हजेरी पट कार्यालयात जपून ठेवलेले असतील का आणि ते कोणत्या विभागाकडे मागावेत, एवढे कृपया सांगावे.