शब्दचर्चा: कलगीतुरा (आणि ओघाने गोंधळ, सूत्रधार, सुपारी)

‘पाणीयोजनेवरून आजी-माजी आमदारांत कलगीतुरा’ या धर्तीचा मथळा जिल्हा पानांवर वरचेवर दिसतो. सणासुदीच्या दिवसांत त्याच पानाच्या तळाशी एक चौकटही असते: ‘उत्सवानिमित्त रात्री शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना’. वरच्या बातमीत दोन पुढाऱ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढलेली असतात. खालच्या बातमीतल्या दोन शाहिरांनी त्या एका रात्रीसाठी पुराणं धुंडाळलेली असतात, चाली बसवलेल्या असतात. मला विचारायचंय ते असं, की ‘कलगीतुरा’चा ‘भांडण’ हा अर्थ आता पक्का धरायचा, की बातमीत तो वापरताना काही अट पाळायची?

माझं मत आधीच सांगतो. अट पाळायला हवी, आणि ती अट त्या कलेतच आहे.

कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पंथ. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला थोर मानणार. कलगीवाले शक्तीला, मायेला. कोकणात ‘शक्ती-तुरा’ म्हणतात ते यामुळेच. चंदेरीच्या राजाने आपल्या शिरपेचातला तुरा तुकनगीर गोसाव्याला आणि कलगी शहा अली फकिराला दिली अशी आख्यायिका मध्य प्रदेश-राजस्थानकडे सांगतात. तिकडचे ‘तुर्रा-कलंगी’चे ख्याल, म्हणजे गाण्यांतून चालणारी लोकनाट्यं, याच जातकुळीतले. आपल्याकडे या सामन्याचा जीव भेदिकात, म्हणजे कोड्यांच्या सवाल-जवाबी गाण्यांत. एका शाहिराने सृष्टीच्या उत्पत्तीवर, जीव-शिवाच्या नात्यावर किंवा पुराणातल्या एखाद्या गाठीवर कोड्यात गुंफलेला सवाल टाकायचा. दुसऱ्याने तो सोडवायचा, तोही गाऊनच, आणि मग आपला सवाल टाकायचा. जवाब न देता विषय उडवून लावणारा शाहीर ऐकणाऱ्यांच्या लेखी हरलेलाच.

म्हणजे कलगीतुऱ्यात प्रतिपक्षाचं नीट ऐकावं लागतं. बातमीतले दोन पुढारी दोन वेगवेगळ्या पत्रकार परिषदा घेतात, एकमेकांच्या एकाही मुद्द्याला हात लावत नाहीत, आणि आपण त्याला कलगीतुरा म्हणतो. तिथे हा शब्द मला खटकतो. सभागृहात एकाने आकडे मांडले, दुसऱ्याने ते खोडून आपले आकडे दिले, तर खुशाल म्हणा.

प्रतिसाद

रत्नागिरीकडचा आहे, म्हणून थोडी भर घालतो आणि थोडा विरोधही करतो. आमच्याकडे गणपतीत जाखडी असते. काहीजण ‘बाल्या नाच’ म्हणतात. मधे ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारे बुवा बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे गोल धरतात. आधी गण, मग गौळण, आणि त्यानंतर शक्तीवाले नि तुरेवाले एकमेकांना भिडतात. मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांनी हे सामने तिथेही नेले. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन (कोकणातलं लोकनाट्य) आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग बघत आमच्या घरची माणसं मोठी झाली.

आता विरोधाचा मुद्दा. सामन्यात फक्त अध्यात्म असतं असं समजू नका. टोमणे असतात, चिमटे असतात, समोरच्या बुवांच्या आवाजावर नि अभ्यासावर टीका असते, आणि टाळ्या बऱ्याचदा तिथेच पडतात. तेव्हा बातमीदाराने ‘शाब्दिक टोलेबाजी’ या अर्थाने शब्द उचलला तर तो हवेतून उचललेला नाही. तुमची ‘जवाब हवा’ ही अट मात्र मान्य. टोमणा मारून सवाल टाळणारे बुवा आमच्याकडे पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही.

आणखी एक गंमत. शब्दांची ये-जा उलट्या दिशेनेही चालते. सिंधुदुर्गात डबलबारी भजनांच्या जाहिराती बघा. दोन बुवा, पखवाज, पेटी, झांजा, मागे कोरस, सगळा थाट भक्तीचा. आणि बॅनरवर ‘ट्वेंटी-ट्वेंटी जंगी सामना’. तीन बुवा असले की ‘तिरंगी सामना’. हा ‘तिरंगी’ निवडणुकीच्या बातम्यांतून आलाय याबद्दल मला तरी शंका नाही.

प्रतिसाद

मी उपसंपादक आहे, रोज मथळे करतो, म्हणून पलीकडची बाजू. ‘आरोप-प्रत्यारोप’ दोन कॉलमांत मावत नाही. ‘खडाजंगी’ म्हटलं की दोघे समोरासमोर असावे लागतात. ‘शाब्दिक चकमक’ वापरून वापरून गुळगुळीत झालीय. ‘कलगीतुरा’ छोटा आहे, कानाला गोड आहे, आणि त्यात दोन पक्ष आपोआप येतात. म्हणून तो हाताशी असतो.

पण माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती जवाबाची नाही. ती क्रियापदाची आहे. कलगीतुरा ‘होत’ नाही, तो ‘रंगतो’. रुग्णालयातल्या मृत्यूंवरून किंवा बुडालेल्या पिकांच्या पंचनाम्यांवरून दोन नेते बोलले आणि आपण ‘कलगीतुरा रंगला’ छापलं, तर ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांनी ते कसं वाचायचं? असा मथळा मी बदलतो. तिथे ‘वाद’ हा साधा शब्द पुरतो. महापालिकेच्या सभेत रस्त्याच्या नावावरून चिमटे काढले गेले, तर ‘कलगीतुरा रंगला’ ठेवतो. शब्द खेळकर आहे, त्याला खेळकर जागाच द्यावी.

प्रतिसाद

मग ‘गोंधळ’चं काय? या शब्दावर अन्याय जास्त झालाय असं मला वाटतं. ‘गोंधळातच विधेयक मंजूर’, ‘मतदारयादीत गोंधळ’, ‘परीक्षा केंद्रावर गोंधळ’. कलावंताच्या घरी गोंधळ म्हणजे किती नेटकं काम! चौक मांडायचा, घट बसवायचा, दिवटी पेटवायची. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने गोंधळी एकेका दैवताला गावाच्या नावासकट बोलावतो: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, ‘गोंधळाला या’. मग आख्यान, शेवटी आरती. क्रम ठरलेला. लग्नानंतर ज्यांच्याकडे कुळाचार म्हणून हा विधी करतात त्यांना विचारा, एक गोष्ट मागेपुढे झालेली चालत नाही.

माझी मुलगी शाळेत ‘गोंधळ’ शब्द आधी फळ्यावर शिकली, ‘गोंधळ करू नका’ असा. घरी गोंधळ आहे म्हटल्यावर ती बावरलीच. संबळ वाजायला लागल्यावर मात्र पुढे सरकून बसली, आणि दिवटीवर तेल घालायचा मान तिने मागून घेतला.

प्रतिसाद

सूत्रधाराचंही बघा, तिथे अर्थ पार उलटा झालाय. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पदांतून कथा सांगायचा आणि पात्रं त्याप्रमाणे वागायची. संगीत नाटकातही नांदी झाली की सूत्रधार प्रेक्षकांपुढे येतो. म्हणजे सगळ्यांत आधी तोंड दाखवणारा तो. बातमीतला सूत्रधार मात्र ‘फरार’ असतो, ‘पडद्यामागचा’ असतो. पात्रं सापडतात, सूत्रधार सापडत नाही.

आणि सुपारी. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी यात्रेची तारीख घेऊन येतात, राहुटीत बसून बोलणी होतात, रक्कम ठरते, विसार दिला जातो. सुपारी ठरली. कित्येक फडांचं वर्षाचं पोट या व्यवहारावर चालतं. बाहेरगावचा माणूस मात्र ‘सुपारी घेतली’ ऐकून दचकतो, कारण त्याला ती फक्त गुन्हेवृत्तात भेटलेली असते.

मूळ लेखकाकडून

सगळ्यांचे आभार. उपसंपादकांचा ‘रंगला’चा मुद्दा माझ्या अटीपेक्षा सरस आहे, तो मी घेतो. ‘गोंधळ’ आता परत फिरणार नाही, बोलीत तो इतका मुरलाय की अडवण्यात अर्थ नाही. पण गोंधळाच्या कार्यक्रमाची बातमी देताना ‘गोंधळात गोंधळ’ असली कोटी मथळ्यात करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. सुपारीच्या बाबतीत बातमीदारांनी अधूनमधून तमाशाची सुपारीही छापली तर बरं. ‘यात्रेसाठी फडाला सुपारी’ या शब्दांत लाजण्यासारखं काही नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. शाहिरांच्या सामन्याबद्दल लिहिताना ‘कलगी-तुरा’ असा संयोगचिन्हासह लिहावा असं मी सुचवतो, कारण तिथे दोन पक्ष खरोखर दोन आहेत. लाक्षणिक अर्थाने जोडून ‘कलगीतुरा’ चालेल. विभक्ती लावताना दोन्हीकडे ‘तुऱ्या’च: कलगीतुऱ्यात, शक्ती-तुऱ्याचा. ‘कलगीतुराचा सामना’ असं काही पत्रिकांवर छापलेलं दिसतं, ते टाळावं. आणि कोकणातल्या मंडळाची बातमी असेल तर ‘शक्ती’ बदलून ‘कलगी’ करू नये. ते लोक स्वतःला शक्तीवाले म्हणतात, बातमीतही तेच नाव यावं.