युनिट टेस्ट उगाचच लाल होतात, रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप परत चालवणं) लावू की नको?

मंडळी, मदत हवी आहे. जावा प्रोजेक्ट, जेयुनिट ५ (टेस्ट लिहायची लायब्ररी), साधारण १,४०० टेस्ट. रात्री दोनला सुटणारा बिल्ड (कोड बांधून सगळ्या टेस्ट चालवणं) रोज लाल, म्हणजे काही टेस्ट नापास, सकाळी तोच कोड परत चालवला की हिरवागार. टीममध्ये आता 'लाल? परत चालव' एवढंच उरलंय. मागच्या आठवड्यात त्या लाल यादीत खरी चूक दाखवणारी एक टेस्ट होती, सवलत दोनदा वजा होत होती. नेहमीचंच रडगाणं म्हणून मी न वाचता तो कोड मुख्य कोडमध्ये मर्ज केला. पुढचं ग्राहकानेच सांगितलं.

सगळ्यात छळणारी टेस्ट ही: हप्त्याची मुदत आजचीच असेल तर दंड शून्य. मुदत म्हणून लोकलडेट.नाऊ(), म्हणजे आजची तारीख देतो. रात्री शून्याऐवजी ५० रुपये येतात. माझ्या लॅपटॉपवर शंभरदा फिरवली, एकदाही पडली नाही.

दुसरी एक आठवड्यातून एखाद्या वेळी पडते. तिच्यात थ्रेड.स्लीप(२००), म्हणजे २०० मिलिसेकंद नुसतं थांबणं आहे. (हो, मीच लिहिलंय.)

मॅनेजर म्हणतात, शुअरफायरमध्ये (बिल्डमध्ये टेस्ट चालवणारं टूल) तीनदा रिट्राय लावून मोकळे व्हा. लावू का?

प्रतिसाद: थांबा. सर्व्हर कुठल्या टाइमझोनवर आहे? आणि कोडमध्ये 'आज' कसा काढता?

धागाकर्ता: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). कोडमध्ये एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ... अरे देवा.

प्रतिसाद: तेच. रात्री १२ ते पहाटे ५:३० आपल्याकडे तारीख पालटलेली असते, यूटीसीत कालचीच असते. नाऊ() सर्व्हरची तारीख घेतो, म्हणून टेस्ट कालची मुदत देते आणि कोड इमानदारीत दंड लावतो. रिट्राय तीनदा लावा नाहीतर तीसदा, रात्री दोनला ती पडणारच.

खात्री करायला रात्र जागू नका. लॅपटॉपवर यूजर.टाइमझोन (जावाची टाइमझोन सेटिंग) पॅसिफिक/होनोलुलू करून दुपारी साडेतीनच्या आत चालवा, तोवर तिथे कालचीच तारीख असते. मग कोडला क्लॉक (वेळ सांगणारा ऑब्जेक्ट) बाहेरून द्या. जावा ८ पासून तो आहेच. टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड वापरा, म्हणजे 'आज' तुम्ही म्हणाल तो.

स्लीपवालीचं दुखणं वेगळं. सर्व्हरवर लोड आला की २०० मिलिसेकंद पुरत नाहीत. ते ५०० करू नका, काम संपल्याची खूण पकडा. काउंटडाउनलॅच (इशारा मिळेपर्यंत थांबवून ठेवणारा जावाचा क्लास) लावा आणि वाट बघायची कमाल मर्यादा ५ सेकंद ठेवा. रोज काही तेवढा वेळ लागणार नाही.

दुसरा प्रतिसाद: रिट्राय लावलाच तर एक करा. परत चालवून पास झालेली टेस्ट शुअरफायर 'फ्लेक' म्हणून वेगळी दाखवतो. तो आकडा रोज कुणीतरी बघायचा, नाव ठरवून. आमच्याकडे सगळ्यांनी बघायचा ठरला होता, म्हणजे कुणीच बघितला नाही.

धागाकर्ता: होनोलुलू लावलं, ११:२० ला पहिल्याच फटक्यात पडली! टेस्ट पडल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. आता नाऊ() शोधलं तर ६३ ठिकाणी सापडलंय. सगळीकडे एकदम क्लॉक घालू, की दंडाच्या हिशोबापासून सुरुवात करू?