सल्ला हवा: १९९५ च्या मिआटाची काच वर येताना अर्ध्यात थांबते, मोटर बदलू का?

न्यूजर्सीकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९५ ची माझदा मिआटा आहे, तिकडे इंग्लंडात जिला एमएक्स-५ म्हणतात तीच. १.८ लिटरचं इंजिन ठणठणीत, कापडी टप नवा. दुखणं फक्त काचांचं, आणि या वयाच्या गाडीत ते असायचंच.

ड्रायव्हरकडची काच खाली सरसर जाते. वर येताना मात्र रडतखडत अर्ध्यापर्यंत येते आणि थांबते. थोडा वेळ सोडून दिलं की उरलेली येते. पॅसेंजरकडची तऱ्हा वेगळीच: वर जाते, खाली यायचं नाव नाही. बटणाचा एक कोपरा जोरात दाबला तर कधीतरी येते.

फ्यूज शाबूत आहे. गॅरेजवाल्याने दार न उघडताच दोन्ही मोटरी बदलायला सांगितल्या. मोटरीचा कपलर (वायरींचा प्लग) काढून मल्टीमीटर लावला तर १२.४ व्होल्ट दिसले. म्हणजे वायरिंग ठीक ना? मोटरी मागवू?

पेठेतला_पान्हा:
मोटरीतले कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) गेलेत. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, बटण दाबून धरा आणि मोटरीवर पेचकसाच्या मुठीने टकटक करा. चालली तर कार्बनच.

रोहित्र:
पान्हाशेठ, जरा दमानं. दोन काचांची दोन वेगळी कारणं दिसतायत.

पॅसेंजरची आधी घेऊ, ती सोपी आहे. या मोटरीला दोनच वायरी असतात. काच वर न्यायची तर एकीला प्लस, दुसरीला अर्थ. खाली आणायची तर उलट. मोटर तीच, कार्बन तेच, फक्त करंटची दिशा बदलते. त्यामुळे एका दिशेला धडधाकट चालणारी आणि दुसऱ्या दिशेला मख्ख बसणारी मोटर सहसा निर्दोष असते. खटक्यातले (म्हणजे बटणाखालच्या स्विचमधले) कॉन्टॅक्ट मात्र दोन्ही दिशांचे वेगळे. कोपरा दाबल्यावर चालते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे निदान तुम्ही स्वतःच केलंय.

आता ड्रायव्हरची. कपलर काढून मोजलेल्या १२.४ ला फारशी किंमत नाही. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वाटेत कॉन्टॅक्ट जळका असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तोटी बंद असताना गच्चीवरच्या टाकीचा दाब नळात पूर्ण असतो, पाइप चोंदलाय हे पाणी सोडल्यावरच कळतं. हिशोब करा: जळक्या कॉन्टॅक्टचा अडथळा अवघा ०.३ ओहम आहे आणि काच उचलताना मोटर १० अँपिअर ओढतेय, तर ३ व्होल्ट तिथेच खलास. आणि ०.३ ओहम तुमच्या मीटरवर पकडताही येणार नाही, त्याच्या वायरींचाच अडथळा तेवढा भरतो.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवा. मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने मीटरच्या सुया आत सरकवा. इंजिन चालू, घरातलं कुणीतरी बटणावर, आणि काच चढत असताना आकडा वाचा. बॅटरीवर १४ च्या आसपास असताना मोटरीला १२ च्या वर मिळत असेल तर खटका-वायरिंग पास. मग मोटर थकलीय किंवा काचेचं मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा) जड झालंय. १०-११ वर आलं तर वाटेत व्होल्टेज गळतंय. तेव्हा प्लसची बाजू आणि अर्थची बाजू वेगवेगळी मोजायची. अर्थच्या बाजूला ही गळती अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की मी अर्थचा बोल्ट खोलून घासायला घेतो.

मीटरवर भरवसा नसेल तर कपलर काढून त्यावर मोटरीऐवजी हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब लावून बघा. तो साडेचार अँपिअर ओढतो. मिणमिणला तर गडबड आहे.

न्यूजर्सीकर:
हे भारी आहे, पण थोड्या वेळाने परत का चालते?

रोहित्र:
अशा मोटरींच्या आत बहुधा थर्मल कटआउट असतो. काच जड झाली की करंट वाढतो, मोटर तापते, कटआउट तोडतो. थंड झाली की पुन्हा जोडतो. तो त्याचं काम चोख करतोय, मोटर कशामुळे तापते ते शोधायचं. तोवर सारखं बटण दाबत बसू नका.

टपउघडी_ताई:
मी बर्मिंगहॅमला. माझ्याकडे याच गाडीचा जपानी अवतार आहे, युनोस रोडस्टर. रोहित्रदादांच्या सल्ल्यात एका गोष्टीची भर: हिच्या दारांत खटके नाहीतच. दोन्ही मधल्या कन्सोलवर, गिअरच्या मागे. टप उघडा ठेवून पाऊस आला की पाणी, आणि एरवी कॉफी, नेमकी तिथेच सांडते. त्यामुळे आधी खटका उघडा, दार नंतर.

गिअरचा नॉब फिरवून काढायचा, कन्सोलचे स्क्रू काढायचे, कन्सोल उचलून खालून कपलर सोडवायचा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. नवख्यांसाठी: बॅटरी बॉनेटखाली शोधू नका, ती डिकीत उजव्या बाजूला आहे. म्हणजे वरची मोजमापं करायला एक लांब वायर लागेल.

खटका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालूनच उघडा. आतल्या बारीक स्प्रिंगा उडाल्या की संध्याकाळ गालिच्यावर रांगण्यात जाते. कॉन्टॅक्टवर काजळी दिसेल. बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवा खटका घ्या.

पेठेतला_पान्हा:
त्यापेक्षा सरळ रिले टाका ना, म्हणजे खटक्याच्या छोट्या करंटवर मोटरीचा मोठा करंट जोडणारे स्विच. दर काचेला दोन, एकूण चार. खटक्यावरचा सगळा लोड जातो.

रोहित्र:
रिले चांगलेच, पण शेवटी. काच रबरात अडकत असेल तर रिले टाकून ती सुटणार नाही, फक्त जास्त ताकदीने अडकेल. आणि टाकलेच तर वेगळी फ्यूज हवी. ३० च्या जागी ४० ठोकणारे महाभाग मी पाहिलेत, तिथे फ्यूज वाचते आणि वायर जळते.

अजून एक जागा: दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी. दार उघडझाप करून आतली तार तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. बटण दाबून दार हळूहळू हलवा, काच मध्येच चालली-थांबली तर तिथेच पाहा. तिथे पीळ देऊन टेप गुंडाळू नका, डाखही नको, वाकणाऱ्या जागी तो कडक पडून शेजारी तुटतो. वाकण्याच्या जागेपासून लांब क्रिंप करून (धातूची नळी दाबून) मऊ वायरीचा तुकडा जोडा.

न्यूजर्सीकर:
रविवार सत्कारणी लागला. पॅसेंजरच्या खटक्यात एका बाजूचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर होता. साफ केल्यावर काच दोन्हीकडे चालते. ड्रायव्हरकडे काच चढताना मोटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे करंटचा दोष नाही. मोटर मशीनपासून सुटी करून चालवली तर दोन्ही दिशांना सुसाट. पान्हाशेठ, टकटकीने काही फरक पडला नाही.

पेठेतला_पान्हा:
मान्य. पण फुकटची चाचणी होती.

टपउघडी_ताई:
मग मशीनच जड आहे. या गाडीत मशीन केबलचं आहे. जुनं ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं बसतं, आणि प्लास्टिकचे बुश (हलत्या भागांमधली कडी) भुगा होतात. बुश तपासा, केबलच्या तारा विसकटल्यात का पाहा. विसकटल्या असतील तर मशीन बदलण्यावाचून इलाज नाही. नाहीतर जुनं ग्रीस पुसून काच सरकते त्या पट्टीवर पांढरं लिथियम ग्रीस लावा. रबराच्या चॅनेलमध्ये मात्र फक्त सिलिकॉन स्प्रे, साधं ग्रीस रबर फुगवतं.

काचेला चौकट नसल्यामुळे बोल्ट ढिले असले तर ती तिरकी चढते आणि अडकते. बोल्ट सोडण्याआधी काच वर धरून जाड टेपने दाराला चिकटवा, बोटं मशीनपासून लांब.

आणि दार उघडलंच आहे तर खालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. आतलं प्लास्टिक फाटलं असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्यूटिल टेपने नीट बसवा, नाहीतर पुढच्या पावसात डोअर पॅड फुगेल.