मदत हवी आहे: इम्युनिटी असलेल्या मॉन्स्टरवर स्लॅशर फीट चालते का?

आम्ही डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम) पाचवी आवृत्ती 2014 च्या नियमांनी खेळतो. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा) मी आहे. पुढच्या सेशनला पार्टीची गाठ ओकर जेली या चिकट गोळ्यासारख्या मॉन्स्टरशी आहे. फायटर चौथ्या लेव्हलची आहे, हातात हॅलबर्ड (लांब दांड्याचं, कापणारं पातं असलेलं शस्त्र) आणि चौथ्या लेव्हलला घेतलेली स्लॅशर फीट (फीट म्हणजे पात्रासाठी निवडलेलं खास कौशल्य). पोलआर्म मास्टर ही फीट तिच्याकडे नाही, त्यामुळे दांड्याचा बोथट वार हा पर्याय नाही.

जेलीला स्लॅशिंगची (कापणाऱ्या वारांची) इम्युनिटी आहे, म्हणजे त्याचं डॅमेज शून्य होतं, तरी असा वार झाला की ती दुभंगते, 45 हिट पॉइंट असतील तर 22-22 च्या दोन. इथवर मला शंका नाही. अडलंय ते स्लॅशरपाशी. स्लॅशिंग डॅमेज करणारा हल्ला लागला की टर्नमध्ये एकदा टार्गेटचा वेग 10 फुटांनी कमी करता येतो, आणि या जेलीचा एकूण वेगच 10 फूट! म्हणजे ती जागीच खिळणार. तिची पोहोच 5 फूट, हॅलबर्डची 10, त्यामुळे सगळी लढाईच बदलते.

फीटचा आणि मॉन्स्टरचा मजकूर नीट वाचलाय, ग्रुपमध्येही चर्चा झाली, पण दोन तट पडलेत. ‘डीएम ठरवेल ते’ हे मलाही माहीत आहे. पण मला मूळ नियमांचा आधार हवाय, कारण खेळाडूने ही फीट विचार करून निवडली आहे आणि तिच्यावर अन्याय नको.

डॅमेज शून्य झालं तरी वेग कमी होतो का? होत असेल, तर दुभंगल्यावर तो परिणाम दोन्ही नव्या जेलींवर राहतो, एकीवर, की कोणावरच नाही?