एडगर वॉलेस: सुरुवात कुठून करावी?

मुक्कामपोस्ट:
मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे बाबांचं वाचन सध्या बंद आहे, म्हणून रात्री मीच वाचून दाखवतो. अगाथा ख्रिस्तीचा पोआरो झाला, मिस मार्पल झाली. आता जुना इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेस काढावा म्हणतोय. प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलिया या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, पण यादी बघूनच घेरी आली. शंभरावर कादंबऱ्या! बाबा अर्नाळकरांवर वाढलेले, त्यामुळे रेंगाळणारं काही चालत नाही. इंग्रजी चालेल.

रातकिडा:
डोळे झाकून 'द माइंड ऑफ मिस्टर जे. जी. रीडर' (१९२५) घ्या. ८ कथा आहेत, रात्रीला एक पुरते. रीडर हा सरकारी वकिलाच्या कचेरीतला माणूस. छत्री कायम हातात, बोलणं माफी मागितल्यासारखं. म्हणतो, माझं डोकंच गुन्हेगाराचं, मला जिथे तिथे वाईट दिसतं.
शिवाय वॉलेस मोठ्याने वाचायलाच बरा, कारण तो पुस्तकं बोलायचा. डिक्टाफोनच्या मेणाच्या नळकांड्यांवर सांगत सुटायचा, सेक्रेटरी टाइप करायचा. म्हणून संवाद फर्मास. काही धागे लोंबकळत राहतात, तिकडे काणाडोळा करायचा.

घारूअण्णा:
रीडरला +१. पण 'द फोर जस्ट मेन' (१९०५) सोडू नका, त्यामागचा किस्सा पुस्तकापेक्षा भारी आहे. परराष्ट्रमंत्र्याचा बंद खोलीत खून होतो. तो कसा झाला हे पठ्ठ्याने पहिल्या आवृत्तीत छापलंच नाही! ओळखणाऱ्यांना एकूण ५०० पौंडांची बक्षिसं लावली आणि विजेते किती, ही अट घालायचीच विसरला. बरोबर उत्तरं ढिगाने आली. पुस्तक तुफान खपलं आणि लेखक कर्जात. शेवटी 'डेली मेल'च्या मालकाने पैसे देऊन सोडवलं.
पुढे बक्कळ कमावलं, तेही रेसच्या घोड्यांत आणि थाटामाटात उडवलं. १९३२ मध्ये हॉलिवूडला 'किंग काँग' सिनेमाचं काम करताना गेला, तेव्हाही डोक्यावर कर्जच.

शेवंता_९:
'सँडर्स ऑफ द रिव्हर' मात्र टाळा. आफ्रिकेतल्या लोकांना गोऱ्या साहेबाने दटावून सरळ करायचं, हाच मामला. मी अर्ध्यात सोडलं.

मुक्कामपोस्ट:
सर्वांचे आभार. काल रीडर सुरू केला. पहिलीच गोष्ट बँकेतल्या चोरीची, आणि बाबा बँकेतून रिटायर झालेले! दोन पानांत त्यांनी मॅनेजरला धरलंय. आज उरलेली वाचणार आहे, कृपया कोणी उत्तर फोडू नका.