पाचाची शेपूट : तुमच्या वर्गातली कोण कोण आठवतात?

बाराखडी
काल पाण्याची मोटार बंद पडली. शेजारच्या वहिनींनी एका मुलाचा नंबर दिला, तो आला. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला बाप्या, कानावर पेन्सिल. कॅपॅसिटर गेला होता, अर्ध्या तासात मोटार चालू. मी चहा ठेवेपर्यंत त्यानं चिठ्ठीवर हिशेब मांडला. बेरीज ५५०. चिठ्ठी हातात घेतली आणि मी चष्मा पुसून परत घातला. दोन्ही पाचांच्या शेपटीला गाठ होती.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून २०१६ ला रिटायर झालो. पहिलीच्या पोरांचा पाच आणि प सारखाच दिसतो. म्हणून पाचाची शेपूट खाली आणली की तिला एक बारकी गाठ मारायला लावायचो. कुठल्या पुस्तकात नाही हे, माझं मीच काढलेलं. "गाठ मारा, न्हाईतर सुटंल," असं वर्गात फिरत फिरत म्हणायचो.

विचारलं, "कुठल्या शाळंत होतास रे?" त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "बाई?"

चेहरा काही केल्या आठवेना. हजेरीतला नंबर विचारला. "एकोणीस." मग अठरा आठवली, डबा उघडला की रडणारी. वीस आठवला, चड्डीच्या खिशात गोट्या खुळखुळवणारा. आणि त्या दोघांच्या मधे हा बरोबर येऊन बसला, शेंबडा, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. पैसे घेईना. म्हटलं, घे, न्हाईतर गणित चुकलं म्हणीन. तेव्हा घेतले.

रात्री झोप नाही. एकेक पोरगं येतंय डोळ्यासमोर. तुम्ही शाळा, क्लास, तालीम, शिवण, काहीही शिकवलं असेल तर लिहा. मोठे साहेब झालेलीच पाहिजेत असं नाही, साधी पोरं लिहा.

पाटीपेन्सिल
गाठ मारा न्हाईतर सुटंल!! आता चेक लिहिताना हेच आठवणार बाई.

शिरोळकाठ
ऑगस्ट २०१९. पाणी दारात, मग जिन्यात, मी आणि सासूबाई माळ्यावर. बोट दुसऱ्या टोकाला अडकलेली. गल्लीत काईल आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुऱ्हाळावर गूळ आटवतात ती मोठी कढई, पुरात आमच्याकडं हीच नाव होते. तिघं जण छातीभर पाण्यातून ढकलत होते. पुढचा ओरडला, "बाई मधे बसा, कडंला हात लावू नका, वर तार हाय, मान खाली."

दहावी ब, शेवटचा बाक. लोखंड बुडतं तर काईल का तरंगते, हे मी ह्याच वर्गाला फळ्यावर काढून शिकवलेलं. हा त्या तासाला झोपला होता, मी खडू फेकून उठवलं होतं. सासूबाईंना त्यानं आपल्या आईला उचलावं तसं उचललं.

कोरड्यावर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "शाळंतली रजिस्टरं भिजली का ओ?" भिजली होती. पाणी उतरल्यावर तो आणि आणखी चौघं आले, जनरल रजिस्टरचं एकेक पान सुटं करून, वर सुती कापड टाकून इस्त्रीनं वाळवलं. चार दिवस. शाई पसरली होती पण नावं वाचता येत होती. स्वतःचं पान आलं तेव्हा तो गप्प बसला जरा वेळ. आईचं नाव होतं तिथं. ती आदल्याच वर्षी गेलेली.

बाराखडी
शिरोळकाठ, अंगावर काटा आला. सासूबाई कशा आहेत आता?

शिरोळकाठ
खणखणीत. अजून विचारतात, तो काईलवाला जेवायला कधी येणार म्हणून.

डोंगरमास्तर
भुदरगडात वाडीवरच्या शाळेत होतो. जूनमध्ये पट भरायला घरोघर फिरायचो. एकानं पोरगीला शाळेत घालायचं नाही म्हणून हट्ट धरलेला, म्हशी कोण राखणार. मी त्याला म्हटलं, शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. महाराज असते तर तुझ्याकडनं रुपया घेतला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा शाळेच्या दारात. हातावर रुपया ठेवला. "घ्या मास्तर दंड. पोरगी म्हशीमागंच जाणार." मला काय बोलावं कळंना. रुपया टेबलावर ठेवला. म्हटलं, असू दे, महिना संपंपर्यंत हितंच ठेवतो. रोज जाता-येता तो रुपया त्याला दिसायचा, शाळा रस्त्यालाच होती. वीस-बावीस दिवसांनी पोरीला हाताला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "आता माझा रुपया द्या परत."

दिला की. ती पोरगी चौथीपर्यंत माझ्याकडं होती. पुढं गारगोटीला हायस्कुलात गेली. आता कुठं असते माहीत नाही. पण पाढे म्हणताना डोळे मिटायची, तेवढं लख्ख दिसतं.

पाटीपेन्सिल
मास्तर, रुपया परत मागणारा बाप लई आवडला!

लालमाती
आमचे आजोबा खेड्यातनं येऊन कोल्हापुरात शाहू महाराजांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांना घरचं जेवण आवडायचं नाही म्हणे, बोर्डिंगातली आमटीच आठवायची. विषयाला धरून नाही पण डोंगरमास्तरांनी महाराजांचं काढलं म्हणून लिहिलं.

मी स्वतः शाळेत पी.टी. चा सर. तालमीतली पोरं कानात लाल माती घेऊनच वर्गात यायची. इंग्रजीच्या बाई चिडायच्या, वहीवर लाल बोटं उठतात म्हणून. एक जण इतका लाजरा की हजेरीला "हजर सर" सुद्धा ऐकू यायचं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात पहिल्यांदा लढला तेव्हा मी गेलो होतो. हरला. उठून सरळ माझ्याकडं आला, एवढ्या गर्दीत, आणि मोठ्यांदा म्हणाला, "सर, आलता काय!" त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

थंडाई पाजली त्यानंच. हरलेल्यानं.

पुण्यातलंकोल्हापूर
बाराखडी बाई, तुमचं "रिटायर झालो" वाचलं आणि डोळे भरले. मी पण बाईच आहे आणि मी पण "आलो, गेलो" म्हणतो. लग्नानंतर पुण्यात शाळेत लागलो, पहिल्या दिवशी वर्गात म्हटलं, "थांबा, मी खडू घेऊन आलो." सगळा वर्ग हसला. स्टाफरूममध्येही एक-दोघींनी सांगून बघितलं, जरा बदला म्हणून. दोन आठवडे प्रयत्न केला, बोलताना अडखळायला लागलो, शिकवणंच बिघडलं. मग सोडून दिलं.

मार्चमध्ये सहावीतली एक मुलगी दारात उभी. "बाई, मी आलो." चेष्टा नव्हती ओ. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तोंड फिरवून फळा पुसत बसलो.

पाटीपेन्सिल
मी पण आलो!

शिरोळकाठ
मी पण आलो. पुण्यात मिसळ कशी मिळते हो, खरं सांगा.

पुण्यातलंकोल्हापूर
मिसळीचा धागा वेगळा काढा, इथं मला रडवू नका.

उसाचंपाचट
फोनवरून लिहितोय, मध्येच गाडी येईल.
साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शाळेवर, तीन हंगाम होतो. ऊसतोडीची टोळी बीडकडनं दिवाळीच्या आसपास यायची, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एका रात्रीत खोप्या मोकळ्या. निरोप वगैरे काही नाही. सकाळी जावं तर तीन दगडांची चूल आणि राख. एक पोरगी, नऊ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ घेऊन बसायची वर्गात. तेराचा पाढा निम्मा झाला, तेर सत्ते एक्क्याण्णव, आणि टोळी गेली.

पुढच्या हंगामात तीच टोळी परत आली. मी खोप्यांकडं गेलो तर ती बैलाला पाणी पाजत होती. मला बघितलं, काही बोलली नाही, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "तेरं आठे चारोत्तरसे." तिथनं पुढं पुरा केला. सहा महिने तिनं तो तसाच धरून ठेवला होता.
गाडी आली. नंतर लिहितो.

बाराखडी
नंतर नक्की लिहा. तिसऱ्या हंगामाचं काय?

चिंचेखालचीशाळा
सगळे छान लिहिताय. मला जमेल का माहीत नाही. आमच्या वर्गात सतरा नंबरचा मुलगा नदीला गेला तो परत आला नाही. दुसरी होती. त्यानंतर हजेरी घेताना सोळा झाला की मी अठरा म्हणायची. एक दिवस अठरा नंबरवाली उठून म्हणाली, "बाई, सतरा घ्या की." घेतला. सगळा वर्ग "हजर" म्हणाला. वार्षिक परीक्षेपर्यंत रोज.
ती मुलं आता कॉलेजात असतील. बाकी काही लिहीत नाही.

डोंगरमास्तर
बाई, लिहिलंत ते बरं केलंत.

पुण्यातलंकोल्हापूर
काही बोलवत नाही. फक्त, आलो.

बाराखडी
माझ्याकडं फोन नंबर असता तर आत्ता केला असता. तुमच्या अठरा नंबरवालीला माझ्याकडनं एक गोड पापा.

नववीगल्ली
धागा वाचत होते, लिहायला माझ्याकडं काही नाही, मी बँकेत होते. पण बाराखडी बाई, त्या मोटारवाल्याचा नंबर मिळेल का? आमची पण तीन दिवस घुं घुं करून बंद पडतेय.

बाराखडी
व्यक्तिगत निरोप करतो. थांबा, त्यालाच फोन लावतो.

बाराखडी
लावला. आज उद्यमनगरात काम आहे म्हणाला, उद्या सकाळी येतोय. राजारामपुरी नववी गल्लीच ना? घर कुठल्या बाजूला? आणि हा धागा वाचून दाखवला त्याला थोडा. वीस नंबरवाला त्याच्या संपर्कात आहे म्हणे, हुपरीला चांदीकाम करतो. अठराचं विचारून सांगतो म्हणाला.

नववीगल्ली
हो, नववीच. कोपऱ्यावरची पिवळी इमारत, दुसरा मजला. बिल पाचाचंच करायला सांगा, मला गाठ बघायची आहे.